सुपारीएवढी गाठ

१० नोव्हेंबर

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

व्हरांड्यासाठी बाक करायला घेतला आहे. दुकानातलं लाकूड ऐपतीबाहेरचं. तुझ्या घरामागच्या गोदामात यंत्रं ज्या खोक्यांतून येतात, त्यांच्या फळ्या राखणदार शेकोटीत घालतो, असं तू म्हणाली होतीस. त्याच्याशी गोड बोलून थोड्या निवडून ठेवशील का? ओबडधोबड चालतील, पिळलेल्या मात्र नकोत. बाक दोघांपुरता आहे. तू आलीस की एका टोकाला तू, दुसऱ्याला मी. बायको विचारते, तिने काय उभं राहायचं?

देवाच्या दयेने इकडे सगळे खुशाल. लोभ आहेच, त्यावर रंधा मारू नये.

तुझा धाकटा

२३ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

राखणदार तुझ्याहून हट्टी. आधी म्हणाला, हे सरपण आहे. मी म्हटलं, माझ्या भावाला विचार, सोनं आहे. शेवटी स्वतःच खिळे उपसून देऊ लागला. फळ्या खरखरीत आहेत, पण सरळ. ओळखीच्या ट्रकवाल्याबरोबर पाठवते.

आणखी एक. डाव्या बाजूला एक गाठ हाताला लागते, सुपारीएवढी. ह्यांना बोलले नाही, उगाच डोक्यात घेतील. कापावी लागेल का रे? की राहू द्यावी? तू सांगशील तसं करते.

माया आहेच, पत्रं मात्र लांबवू नकोस.

तुझी ताई

२ डिसेंबर

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फळ्यांची वाट पाहतो आहे. गाठीचं काय घेऊन बसलीस! आणि दाजींना त्यातलं काय कळतं? गाठ म्हणजे लाकडाचा डोळा. कापलीस तर भोक पडेल. राहू दे तशीच, तेवढीच शोभा.

लोभ असाच वाढता ठेव.

तुझा धाकटा

४ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

बाक झाला म्हणून कळलं, बरं वाटलं.

ती गाठ वाढली, म्हणून डॉक्टरीणबाईंना दाखवली. म्हणाल्या, हिवाळ्यातच यायला हवं होतं. मी सांगितलं, भाऊ म्हणाला राहू दे. त्यांनी विचारलं, भाऊ डॉक्टर आहे का? म्हटलं, नाही, हौशी सुतार. त्या हसल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात कापणार आहेत, बाकीचं त्यानंतर सांगतील. तू मनाला लावून घेऊ नकोस. तू चेष्टेवारी नेलंस, ते मला तेव्हा हवंच होतं.

आहे तशीच माया ठेव.

तुझी ताई

८ एप्रिल

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ताई, मला वाटलं, तू फळीचं विचारते आहेस.

फळ्या आल्या तेव्हा एकेकीची डावी बाजू मी चाचपून पाहिली होती. सुपारीएवढी गाठ एकीलाही नव्हती. म्हटलं, तूच ती फळी बाजूला काढली असशील. तेव्हा एक ओळ लिहून विचारलं असतं तर! ते सोडून रंधा मारत बसलो. रोज देवापुढे हात जोडणारा मी, बहिणीची एक ओळ मला नीट वाचता आली नाही. आज त्याच्याकडे क्षमा मागायलाही जीभ रेटली नाही. ती आधी तुझ्याकडे मागायची आहे.

बाकाचं तुझं टोक रिकामं आहे. बायकोसुद्धा तिथे बसत नाही.

कापायच्या आधी पोचतो. वर 'तुझी गाठ घ्यायला येतो' असं लिहिलं होतं, तेच खोडलेलं दिसेल. तुला भेटायला येतो.

लोभ मात्र राहू दे, तसाच.

तुझा धाकटा