मुशीत टाकलेली जुनी बटणं

आण्णा, आज बेंबळी गावच्या एका आजीबाईंच्या पुढच्या दाताची सोनेरी कॅप ओतली. हल्ली सगळ्यांना पांढरेशुभ्र दात हवे असतात, त्यामुळं तो पिवळा धातू महिनोन्‌महिने कपाटातच पडून असतो. फुरफुरणारा गॅसचा टॉर्च पेटवला, मुशीतले तुकडे लाल व्हायला लागले आणि तुमचा आवाज आलाच. "धातू नवाच घातलास न्हवं गं?" तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, लॅबमध्ये मी एकटीच असते, तरी मी मोठ्यानं "व्हय आण्णा" म्हणाले. आज ते खरं होतं. त्या दिवशी नव्हतं.

भूमकडचे ते मेंढपाळ काका तुम्हाला आठवत असतील. मुलीच्या लग्नात हसताना सोनेरी दात दिसला पाहिजे, एवढाच त्यांचा हट्ट. मेणाचा दात, त्यावरचा साचा, धातू वितळवायची मूस हे सगळं मी तयार करायचं आणि जाळ लावून धातू ओतायचा तुम्ही, अशी आपली वाटणी होती. धातू संपत आलाय, सोलापूरला फोन कर, असं तुम्ही मला दोनदा बजावलं होतं आणि मी साफ विसरले होते. तुमच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायला नको म्हणून मी डब्यातली जुनी बटणं काढली. ओतकाम झाल्यावर साच्याच्या तोंडाशी जो गोळा उरतो, त्याला आपण बटण म्हणायचो. तो पुन्हा वापरायचा नाही, हा आपल्या लॅबचा पहिला नियम. "एकदा जळलेल्या धातूत जीव ऱ्हात न्हाय," असं तुम्हीच शिकवलेलं. मी ती बटणं घासून नव्यासारखी चकाचक केली आणि मुशीत टाकली.

कॅप निघाली ती काळपट, कडेला बारीक बारीक छिद्रं पडलेली. तुम्ही ती खिडकीशी धरून बराच वेळ पाहिलीत आणि मग तो प्रश्न विचारलात. मी "व्हय" म्हणाले. तुम्ही मान डोलावलीत. पुन्हा म्हणून विचारलं नाहीत. एवढा विश्वास ठेवायला नको होता, आण्णा. दुसऱ्या दिवशी तुम्ही धातू आत जायची वाट रुंद केलीत. पुन्हा छिद्रं. मग साचा भट्टीत जास्त वेळ तापवलात, जाळ कमी करून पाहिलात. तरी छिद्रं आलीच. दर वेळी मुशीत मी डब्यातली जुनीच बटणं टाकत होते, कारण एकदा खोटं बोलल्यावर खरं कुठून सुरू करायचं ते मला कळत नव्हतं. तिसऱ्यांदा तुम्ही टॉर्च बंद केलात आणि स्टुलावर बसलात. "डोळं गेलं बघ माझं. धातू वितळला कवा न् जळाया लागला कवा, ते दिसंना. तेरखेड्याचं फटाकं उडवल्यागत ठिणग्या पाडाया लागलोय म्या." हे सांगताना तुम्ही हसत होतात, पण हात पुसायचं फडकं किती तरी वेळ पिळत राहिलात.

तोवर मी गुपचूप फोन केला होता. सोलापूरहून नवा धातू आला त्याच दिवशी तुम्ही टॉर्च माझ्या हातात दिलात. "तू बघ. तुझी नजर कोवळी हाय." कॅप स्वच्छ निघाली, जरा घासली तर लखलखली. काका लग्नात पोटभर हसले असतील. तुम्ही मात्र त्यानंतर टॉर्चला हात लावला नाहीत. लॅबच्या दारात खुर्ची टाकून बसायचात आणि येईल त्या डॉक्टरला, कुरिअरवाल्याला सांगायचात, "पोरीची नजर माझ्यापरीस सरस हाय. लई सरस." शेवटच्या दुखण्यात गोळ्यांच्या पाकिटावरची मुंगीएवढी अक्षरं तुम्ही मला घडाघडा वाचून दाखवलीत. मी पाणी आणायच्या निमित्तानं उठून बाहेर गेले. तेव्हा तरी सांगायला हवं होतं.

तुमचे डोळे चांगले होते, आण्णा. धातू खराब होता आणि तो मी घातला होता. आता हे पत्र कुठं टाकणार? घडी घालून बटणांच्याच डब्यात ठेवते, तो डबा मी अजून फेकलेला नाही. चूक उघडी पडेल या भीतीनं गप्प राहिले, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. पहिले काही दिवस ते खरंही होतं. पण पुढं तुम्ही दारात बसून माझं कौतुक करायला लागलात की मी आत टॉर्च बारीक करायची, नीट ऐकू यावं म्हणून.