रंभेच्या कानातली गाठ

३ फेब्रुवारी
रंभा दोन दिवसांपासून मान वाकडी करून चालते – दारू प्यायल्यासारखी. आज कानात पाहिलं, तर वाटाण्याएवढी गुलाबी गाठ! माहेरून ओढणीत बांधून आणलेली मांजर माझी. काळजीच वाटली.

सासूबाईंचा निकाल तयार – "मस हाय, चामखीळ. घोड्याच्या शेपटीचा केस बांध, गळून पडते. गोवर्धन, केस आन."

४ फेब्रुवारी
यांनी आणला. आपल्या मळ्यातला झेंडू ज्या लग्नात गेला, त्याच नवरदेवाच्या घोड्याची शेपटी ओढली. घोडा उधळला, नवरदेव मानेला लटकला, बँड थांबला. हे लंगडत घरी आले.

आणि गाठ कानाच्या आत. केस बांधणार कुठे? मला हसू आवरेना.

७ फेब्रुवारी
अमरावतीच्या जनावरांच्या डॉक्टरांनी अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात धाडलं. रंभा फुलांच्या टोपलीत, टोपली सासूबाईंच्या मांडीवर. "मी बी येतो," म्हणाल्या. एरवी मांजर दिसली की झाडू उचलणारी बाई! बडनेऱ्याला गाडीत शेजारी बसलेल्या बाईनं फुलं पाहायला टोपलीत हात घातला. पुढचं लिहीत नाही.

डॉक्टर म्हणाले – मुळासकट काढू, नाहीतर परत येते. साधी की वाईट, ते तपासल्यावर कळेल.

सासूबाईंनी त्यांना सोडलंच नाही. "कापल्यावर जगते का? लय दुखते का? उशीर झाला असन त?" मी लाजून चूर.

९ फेब्रुवारी
गाठ निघाली. कान खाजवू नये म्हणून रंभेच्या गळ्यात प्लॅस्टिकचं नरसाळं. दाराला धडकते, बादलीत अडकते. उंदीर समोरून चालत गेला – चालत! हे म्हणतात, "तिले गच्चीवर बसव, टीव्ही चांगला दिसन."

१५ फेब्रुवारी
रिपोर्ट नाही. फोन वाजला की हातातलं टाकून धावते. सासूबाई दिवसातून चारदा – "आला का कागद?"

१९ फेब्रुवारी
साधीच गाठ! मी रडले. यांनी पेढे आणले. सासूबाई पेढा हातात धरून बसून राहिल्या. "येळेवर नेली म्हून वाचली," एवढंच म्हणाल्या.

२० फेब्रुवारी
झेंडू तोडता तोडता सासूबाई वाफ्यातच बसल्या. माझा हात ओढून पदराखाली छातीवर ठेवला. लिंबाएवढी, टणक. "दोन वर्सं झाले. गोवर्धनले सांगू नको."

सांगितलं. उद्या पहिल्या गाडीनं अमरावती.