सासूबाईंना विचारलेला प्रश्न

आदरणीय साकिन एजे, डॉक्टरताई,

नारीनच्या इस्पितळात मी पोटुशी असताना तुमच्या डॉक्टरांच्या समितीपुढे बसले होते. तुम्हीच सांगितलंत की बाळाची कवटी तयार झालेली नाही, ते जगणार नाही. मी म्हटलं, "मला यातून मोकळी करा." पण तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाहीत. दाराशी उभ्या असलेल्या माझ्या सासूबाईंना विचारलंत, "आपा, तुमचं काय म्हणणं?"

त्या म्हणाल्या, "येऊ दे की! डॉक्टरसुद्धा चुकतात." तुम्हाला तेवढंच पुरलं. मला घरी पाठवलंत.

मुलगी झाली. माझ्या कुशीत एकदा कण्हली आणि गेली.

आमच्याकडे रिकामा पाळणा कुणी हलवत नाही. सासूबाई मात्र चुलीशी बसून तो हलवत राहतात. काल म्हणाल्या, "सूनबाई, मेंढ्यांचं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. एवढ्या शिकलेल्या बाया, त्यांनी हे मला कशाला विचारलं गं?"

 याचं उत्तर तुमच्याकडेच मागायचं होतं. पण पुढचं बाळंतपणही तुमच्याच हातात असणार, म्हणून हे पत्र चुलीत जाईल.

पुन्हा तुमच्याच दारात उभी राहणारी,
बुरुल्चा