पाणी फोडण्याचा उद्योग

१८ एप्रिल १९४६, सातारा
मॅट्रिकचा शेवटचा पेपर झाला. रसायनाचा मस्त गेला. मूलद्रव्य, संयुग, परमाणू, सगळं भरभरून लिहिलं. घरी येते तो आई अनारसे तळतेय. वाटलं माझ्यासाठी. कसलं! रविवारी शिरवळचं स्थळ येणार आहे.

२१ एप्रिल
पाहुणे येऊन गेले. मुलगा बरा दिसतो, बोलला मात्र एक अक्षर नाही. आबांनी उत्तर राखून ठेवलंय.
संध्याकाळी धीर करून म्हटलं, मला सांगलीच्या कॉलेजात सायन्स घ्यायचंय. मावशी आहेच तिथे.
"सायन्स म्हंजी करायचं काय गं?"
म्हटलं, जगातल्या झाडून सगळ्या वस्तू थोड्याशाच मूलद्रव्यांच्या झाल्यात, ते शिकायचं. हे पाणीच बघा, हायड्रोजन आणि प्राणवायू अशा दोन वायूंचं झालंय.
आबा इतके हसले की हातातला तांब्या हिंदकळला. "पलटणीत असताना वाळवंटात घोट घोट पाणी पिलोय मी, पोरी. म्हनं वायू! डोळ्यांनी दाव. दावलंस तर शिरवळला न्हाई म्हनून कळवतो."
आई पदराआड हसत होती. मी काही हसले नाही.

२३ एप्रिल
आबांच्या टॉर्चचे सेल मागून घेतले. दोन मेलेले सेल फोडून आतल्या कोळशाच्या कांड्या काढल्या. हात, पातळ, नाक, सगळं काळं. काचेच्या वाडग्यात पाणी. वीज नीट जावी म्हणून त्यात मीठ. दोन कांड्या बुडवून तारा जोडल्या, आणि बुडबुडे!! मी ओरडलेच. आबा वाकले आणि नाक धरून मागे सरले.
"आगं, छावणीत पाण्यात पावडर टाकायचे, त्येचा वास ह्यो! घशाला झोंबतोय. ह्यो कसला परानवायू?"
वाडगं अंगणात पालथं. जेवताना आई मला मीठ वाढत म्हणाली, "जपून खा गं, वायू व्हईल." आबांना ठसका लागला. मला रडू.

२४ एप्रिल
सायन्सच्या शेवडेबाईंच्या घरी गेले. ऐकून त्यांनी टाळीच दिली. "अगं, पाण्याबरोबर मीठही फोडलंस की! मीठ कशाचं संयुग?"
सोडियम आणि क्लोरीन. आबांना झोंबला तो क्लोरीन! पेपरात मीच लिहून आले, वळणदार अक्षरात! संयुगात मूलद्रव्याचा मूळ स्वभाव उरत नाही, हे वाक्य वर्षभर पाठ होतं. कळलं काल, नाकाने.
शे.बाईंनी शाळेच्या दोन परीक्षानळ्या दिल्या. बजावलं, मीठ नको, धुण्याचा सोडा घाल.

२६ एप्रिल
जमलं! जमलं!
सोड्याचं पाणी, दोन्ही कांड्यांवर पाण्याने भरलेल्या पालथ्या नळ्या. हळूहळू एकीत वायू साठला दुसरीच्या दुप्पट.
"हिकडं जास्त का?"
म्हटलं, पाण्याच्या कणात हायड्रोजनचे परमाणू दोन आणि प्राणवायूचा एक.
"म्हंजी दोन शिपाई, एक नाईक. म्होरं?"
कमी भरलेल्या नळीत विझत आलेली काडी धरली, ती लखकन पेटली. दुसरीच्या तोंडाशी जळती काडी नेली. फट्! आई किंचाळली, मांजर फडताळावर. आबा ताडकन उभे. "परत कर!" परत केलं. "आनिक यकदा!" सेल संपेपर्यंत तेच.
मग एकदम गंभीर. "फुटलं खरं. आता ह्या दोन वाऱ्यांचं परत पानी करून दाव."
म्हटलं, फट् झालं तेव्हा पाणीच झालं, पण नळी आधीच ओली. त्यातलं नवं पाणी कुठलं, ते मला दाखवता यायचं नाही.
वाटलं, संपलं. आबा कितीतरी वेळ नळी उजेडाकडे धरून बसले. "थापा मारल्या न्हाईस, बरं केलंस. निम्मं दावलंस. ऱ्हायलेलं निम्मं तिथं शिकून ये."
शिरवळला आजच कळवलं. आई रुसलीय. पोळपाट जोरात वाजतोय.

१० जून
पास! आईने स्वतः पेढे वाटले. शेजारणीला सांगत होती, "आमची कुसुम पानी फोडती." शेजारीण घाबरून आत गेली.

२१ जून, सांगली
मावशीकडे उतरलोय. सकाळी आबांबरोबर कॉलेजात. सायन्सला एकही मुलगी नाही. तिथले प्राध्यापक भले, पण चाचरत होते. "आर्ट्सला आत्ता घेऊ. प्रयोगशाळेत मुलींची सोय… प्रिन्सिपॉलसाहेब उद्या सांगतील."
"आमी थांबतो," आबा ताठ उभे राहून म्हणाले.
प्रयोगशाळेचं दार उघडंच होतं. आत नाही गेले, पण उंबऱ्यातून पोटभर बघून घेतलं. पिवळंजर्द गंधक, बरणीत मोरचुदाचे निळे खडे, प्रत्येक टेबलाला स्वतःचा नळ!
दुपारी कृष्णेच्या घाटावर भडंग खात बसलो. मला वाटलं, आबा आता परत जायचं म्हणतील. तर म्हणतात कसे, "ती निळी खडीसाखर कशाची गं?"
म्हटलं, मोरचूद ते. तांबं, गंधक, प्राणवायू आणि पाणी, एवढ्यांचं मिळून संयुग.
"तांबं तर लाल. मग निळं कशानं झालं?"
ते मला माहीत नाही. तसंच सांगितलं.
"मग इचार की उद्या त्या सायबाला."
घेतलं तर विचारीन. नाही घेतलं तरी विचारूनच येईन म्हणते. अकरा वाजता बोलावलंय.