बढती

कीर्तिपूर
मंसिर १८, वि. सं. २०७०

लाडके कान्छी मनसरा,

बुबांना आणि आमाला माझा ढोग, नमस्कार सांग. मी ठीक आहे, आणि तिकडे सगळं ठीक असेल असं धरून चालते. इथे थंडी पडली आहे. सकाळी मैदानावर इतकं धुकं असतं की सर म्हणतात, "आज तुम्ही, मी, पंच, सगळे सारखेच आंधळे. चला, पळा." आम्ही पळतो. पुढचीच्या खांद्यावर हात ठेवून.

अक्षर माझं नाही हे तू ओळखलं असशीलच. सरावात बोटाला चेंडू लागला, म्हणून जमुना लिहिते आहे. जमुना आमची विकेटकीपर. तिला बऱ्यापैकी दिसतं, आणि बडबड तर त्याहून जास्त येते. ती आत्ता म्हणाली, "दिदी, मी खोटं काही लिहिणार नाही हं." बडबडीचं लिहिलेलं तिला आवडलं नाही वाटतं. लिही गं मुकाट्याने.

जाड काळ्या पेनाने मोठं मोठं लिहायला सांगितलं आहे. दारात बसून तुलाही वाचता येईल. पण बुबाच आधी वाचून दाखवतील, तेव्हा त्यांच्यासाठी एक बातमी: बुबा, हे आमाला ऐकू जाईल असं मोठ्याने वाचा. मला संघात बढती मिळाली. अंतिम सामना पुस महिन्यात आहे, पूर्वेच्या संघाशी. त्यात मी सगळ्यांच्या आधी बॅटिंगला जाणार आहे.

जेवण चांगलं असतं. ढिंडो मात्र आमाच्या हातचा नाही. गुंद्रुकाची सुकी भाजी संपत आली, कुणी येणार असेल तर पाठवा.

माघात पाहुणे तुला पाहायला येणार हे कळलं. मुलगा कसा आहे? बोलतो का, की नुसता मान डोलावतो? तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी जमुनाकडून पुन्हा वाचून घेतलं. डोळ्यांचं विचारलंस, त्याचं उत्तर सवडीने देते. पाहुणे यायच्या आत नक्की देते. आधी सामना होऊ दे.

शेळी व्यायली का?

तुझी दिदी,
खिमा


कीर्तिपूर
पुस २३, २०७०

मनसरा,

हे बोटांनी वाच. ठिपके तुला आवडत नाहीत. लिबांगच्या शाळेत ते शिकताना तू रडायचीस, "मला अजून दिसतंय ना, मग कशाला?" म्हणायचीस. पण घरात ते तुझ्याशिवाय कुणालाच वाचता येत नाहीत, म्हणून ठिपक्यांत लिहिते आहे. बुबांनी विचारलं तर सांग, दिदीने क्रिकेटचे नियम पाठवलेत. ते अगदीच खोटं होणार नाही.

तू विचारलं होतंस, "दिदी, हे कुठे तरी थांबतं का? थांबत असेल तर मी त्यांना हो म्हणेन. नसेल तर त्या माणसाला फसवून त्याच्या घरात जाणार नाही." तुझं वाक्य मला पाठ झालं आहे.

आम्ही सामना जिंकलो.

जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशी बुबांचा फोन आला, बाजारातल्या दुकानातून. मागे बरीच माणसं होती, सगळ्यांचे श्वास ऐकू येत होते.

"जेठी, ऐकतेस का? कोंबडा कापला! अख्ख्या ओखरबोटला सांगितलं. बढती झाली म्हणजे पगारही लागला असेल?"

"बुबा, पगार नसतो."

"नसू दे. मुलाकडच्यांनाही निरोप धाडलाय. म्हटलं, मोठीचे डोळे सुधारत चाललेत. उगाच का कुणी वरच्या जागेवर घेतं? धाकटीचेही तसेच सुधारतील."

मग फोन कुणीतरी ओढून घेतला. "खिमा, मी कोण ते सांग बघू! डोळे सुधारलेत ना तुझे?" सगळे हसले. ते टेकबहादूर काका होते, आवाजावरून ओळखलं. तसं सांगितल्यावर दुकानात टाळ्या पडल्या.

बुबांचा आवाज इतका मोकळा मी किती तरी दिवसांत ऐकला नव्हता. फोन ठेवताना ते म्हणाले, "देवाने एका दाराने ऐकलं, आता दुसऱ्याने ऐकेल." दुसरं दार म्हणजे तू.

आता नियम सांगते.

आमच्या खेळात तीन वर्ग असतात. थोडंफार दिसणाऱ्या बी-थ्री. जमुना तशी आहे. अंधुक सावल्या दिसणाऱ्या बी-टू. काहीच न दिसणाऱ्या बी-वन. बी-वन मुलीची एक धाव दोन धरतात. म्हणून बॅट धरता येणारी बी-वन मिळाली की संघाला सोनं सापडतं. इथे आले तेव्हा मी बी-थ्री होते. मग बी-टू झाले. कुणी वरून घसरत बी-वनला पोचली की मुली म्हणतात, "तुझी बढती झाली." चिडवायला म्हणतात. चिडवलं नाही तर दुसरं काय म्हणायचं ते कुणाला सुचत नाही. मीही दुसऱ्यांना म्हटलं आहे.

तीच ही बढती.

मोठ्या सामन्याआधी डोळे तपासतात. डॉक्टरांनी बोटं धरली. "किती?" मी म्हटलं, दोन. "आता?" तीन. अंदाजाने सांगत होते, आणि मला वाटत होतं की बरोबर येतंय. "आता?" मी पुन्हा दोन म्हटलं. ते म्हणाले, "बहिनी, मी हात केव्हाच खाली घेतलाय."

बाहेर सर उभे होते. त्यांना सांगितलं. त्यांनी माझे दोन्ही खांदे धरून हलवले. "अगं, मग पूर्वेची वाट लागली! तुझा फटका आणि वर दुप्पट!" मग हात सुटले. म्हणाले, "वाईट झालं गं, खिमा." सर वाईट माणूस नाहीत. दोन्ही गोष्टी त्यांना मनापासून वाटल्या. फक्त आनंद आधी झाला.

सुकमाया दिदी जन्मापासून बी-वन. संघात बी-वनच्या जागा मोजक्याच; मी त्या वर्गात आले आणि ती अकरांतून बाहेर गेली. ती उन्हात संत्री सोलत बसली होती. मी जवळ गेले तर म्हणाली, "आलीस का आमच्या घरात? आणि आल्याबरोबर माझीच चटई ओढलीस."

"दिदी, मी मुद्दाम नाही आले."

"मुद्दाम कोण येतंय," ती म्हणाली. तिखट-मीठ लावलेली फोड माझ्या तळहातावर ठेवली. तिखट फार झालं होतं. आम्ही दोघींनी ते संत्रं संपवलं.

माझ्या बोटाला काही झालेलं नव्हतं. जमुना तसं लिहायला तयार नव्हती. मीच लिहायला लावलं. मला कागदाची कडही दिसत नाही.

सामन्याचं सांगते. बी-वन मुलींच्या डोळ्यांवर काळी पट्टी बांधतात, कुणी लबाडी करू नये म्हणून. बोलर विचारते, "रेडी?" आपण म्हणायचं, "येस." मग ती "प्ले" म्हणते आणि चेंडू जमिनीवरून खुळखुळत येतो. सुकमाया चेंडू ऐकते आणि मारते. माझं तसं नाही. मी ऐकते, मग तो कसा दिसायचा ते आठवते, आणि त्या आठवणीतल्या चेंडूवर बॅट फिरवते. त्या दिवशी दोन्ही चेंडू दर वेळी एकाच जागी येत होते. का ते मला माहीत नाही. माझ्या धावा दुप्पट धरल्या म्हणून आम्ही जिंकलो. साध्या धरल्या असत्या तर हरलो असतो.

सर म्हणतात, पुढच्या मोसमात तू याहून छान खेळशील. सुकमायाला विचारलं. ती म्हणाली, "नाही. तुझं आठवणं संपलं की तू माझ्याही मागे पडशील. मला निदान ऐकायची सवय आहे." मी म्हटलं, शिकव मग. "शिकवेन. पण मी जन्मापासून शिकतेय, पोरी."

आठवणं संपायला लागलं आहे. परवा आमाच्या नाकातल्या फुलीतला खडा आठवत होते. लाल आठवला. मग हिरवाही आठवला, तितकाच स्वच्छ. दोन्ही खरे वाटतात. यातला खरा कोणता ते तू मला कळवू नकोस.

सामना संपल्यावर सगळ्या जणी माझ्या अंगावर येऊन पडल्या. कुणी रडत होत्या, कुणी माझं नाव ओरडत होत्या. मग ढाल हातात दिली आणि फोटोसाठी उभं केलं. पट्टी फार घट्ट बांधतात, कपाळावर वळ उमटतो. मी पंचांना म्हटलं, "आता तरी पट्टी काढा ना." ते म्हणाले, "अहो, ती केव्हाच काढली. माझ्या हातात आहे."

फोटो निघाला. पेपरातही आला. जमुना म्हणाली की मी हसते आहे.

आता तुझं उत्तर.

मी डॉक्टरांना तुझ्याबद्दल विचारलं. आधी म्हणाले, तपासल्याशिवाय सांगता येत नाही. तुझी माझी लक्षणं सांगितली: रात्री पायरी चुकणं, मग कडेचं दिसेनासं होणं, मग समोरच्या माणसाचा चेहरा एका भोकातून पाहिल्यासारखा दिसणं. ते ऐकत राहिले. म्हणाले, एकच आहे, आईबापांकडून येतं. औषध नाही. मी विचारलं, खेळल्याने? झांक्री मांत्रिकाने फुंकल्याने? गाजर खाल्ल्याने? त्यांना हसू आलं असावं, पण ते हसले नाहीत. मग तुझा प्रश्न तुझ्याच शब्दांत विचारला.

थांबत नाही, मनसरा. तुझं माझ्या मागे आहे, एवढंच. हळू जाईल की भरभर, ते कुणाला सांगता येत नाही.

सरांना कळलं की तुलाही हेच आहे. ते म्हणाले, "बोलव तिला. आत्ता बी-थ्रीमध्ये घेऊ, अंग तयार होईल. पुढे मग..." पुढचं त्यांनी सोडून दिलं. त्यांना संघ बांधायचा असतो. त्या हिशेबात तू आत्ताच एक चांगली बी-वन आहेस. मी त्यांना हो किंवा नाही म्हटलेलं नाही. इथे आलीस तर गरम जेवण मिळेल, माझ्या शेजारी गादी मिळेल. मी तुझ्या बाजूला उभी राहून प्रत्येक तपासणी ऐकेन. यापेक्षा जास्त काही नाही.

लग्नाचंही मला सांगता येत नाही. पाहुण्यांना खरं सांगितलंस तर ते उठून जातील आणि बुबा तुझ्याशी बोलणार नाहीत. नाही सांगितलंस तर एक दिवस चुलीशी तुझा हात चुकेल आणि सासू विचारेल. मी दोन्हीकडून विचार करून पाहिला. प्रत्येक वेळी शेवटी तू एकटीच उभी असतेस. मोठ्या बहिणीने काही तरी वाट दाखवायची असते. मला ती सापडली असती तर मी पहिल्याच ओळीत लिहिली असती.

बुबांना मी सांगणार नाही. त्यांना तो कोंबडा पचू दे. तुला सांगायचं असेल तर सांग, माझी ना नाही. मग मी फोनवर रडणार नाही, एवढं कबूल करते.

वाचून झालं की कागद पाटावर ठेव आणि ठिपके नखाने एकेक दाबून सपाट कर. सगळे दाबायला वेळ लागेल. शेवटी कागद कोरा होतो. बुबा विचारतील, जेठीने काय लिहिलंय? तेव्हा तो त्यांच्या हातात दे.

तुझ्याआधी निघालेली,
खिमा