घोडी कापायची नाही

मी, बुरुल जुमाकादिरोवा, वय त्रेपन्न, धंदा नमदे, म्हणजे लोकरीची नक्षीदार जाजमं, करणे, राहणार अट-बाशी, जिल्हा नारीन, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय आणि थोडी चिडून लिहिते आहे. मला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होता. चार महिन्यांपूर्वी शस्त्रक्रिया करून गर्भाशयासकट काढला. लघवीची जाणीव अजून परतलेली नाही, घड्याळ बघून जावं लागतं, पण डोकं शाबूत आहे.

१. लाल घोडी. आमच्याकडे आजाऱ्याला आजाराचं नाव सांगत नाहीत. मलाही "साधी गाठ आहे" एवढंच सांगितलं. पण माझ्या जाऊबाई सोनुन घोडीला रोज जव चारू लागल्या.

"जाऊबाई, एवढे लाड कशाला?"

"अगं, पाहुणे किती येतील!"

आमच्यात मयताच्या जेवणाला घोडी कापतात. तेव्हा मला कळलं. तडक डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "रोग लवकर सापडलाय, पसरलेला नाही. अशा शंभर बायकांतल्या नव्वदाहून जास्त पाच वर्षांनी जिवंत असतात." मी त्या नव्वदांतली आहे. सबब घोडी कापायची नाही. तिचं दूध मीच पिणार. माझ्या पश्चात ती सोनुनबाईंना द्यावी, जव त्यांचेच खाल्लेत तिने.

२. घर मुलगा एर्मेक याला. "साधी गाठ" म्हणून तोच खोटं बोलला, पण अकरा दिवस दवाखान्याच्या बाकावर काढले आणि बाहेर जाऊन रडला. माफ केलं.

३. नक्षी कापायची सुरी आणि सहा तयार नमदे मुलगी मीरगुल हिला, मात्र तिने गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करून घेतली तरच. एकतीस वर्षांची आहे, दोन वर्षं टाळते आहे.

"लाज वाटते, आई. नर्स गावातलीच, गावभर करेल."

"मीही लाजच धरली होती. सात महिने अंगावरून जात होतं आणि मी गुपचूप कपडे धूत होते."

ती दार आपटून निघून गेली. माझ्या मरणाला मी भीत नाही, तिच्या मरणाला भिते. अट मोडली तर नमदेही सोनुनबाईंना.

हे काल तिला वाचून दाखवलं. म्हणाली, "घाल ते नमदे चुलीत! उद्या माझ्याबरोबर चल फक्त."

कलम तीनमधली अट मी माझ्या हाताने खोडली आहे. मीरगुल आत आहे.

सही: बुरुल जुमाकादिरोवा
साक्षीदार: तोक्तोबुबू सादिकोवा, गुलबारा इमानालियेवा (दोघी रांगेत माझ्या मुलीच्या मागे)
ठिकाण: नारीन, तपासणीच्या खोलीबाहेरचा बाक
तारीख: १४ मार्च, सकाळ