हायकानाय

प्रिय ज्योती,

महिनोन् महिने फोन न उचलणाऱ्या मैत्रिणीचं एकदम पत्रच आलेलं बघून तू आधी डोळे मोठे करशील, मग माझ्या अक्षरावरून बोलशील. बोल खुशाल. फोनवर बोलणं अजून जमत नाही, म्हणून लिहितेय. नवऱ्यालाच पोस्टमन केलंय; सुनील कंपनीत पाळीला जाता जाता महाडला तुझ्या घरी देईल.

दोन दिवस मला आपली हायकानाय आठवतेय. सातवीत होतो आपण. टीव्हीवरच्या जपानी कार्टूनांनी तुला पार वेड लावलं होतं आणि तुला आपली स्वतःची नायिका हवी होती, अस्सल जपानी नावाची. तुझं पहिलं नाव होतं 'सुकीमासू'. मी म्हटलं, ही तर सुकी मासळी, पोलादपूरच्या बाजारात वाट्यावर मिळते. त्यावर तू अबोला धरलास, तो थेट सुट्टीत कुडपणला तुझ्या काकीकडे जाईपर्यंत. तिथे धुकं इतकं, की अंगणातला फणस दिसेना. न परतलेल्या म्हशीसाठी बयाकाकी दारातून हाका मारत होती, "हाय का नाय गो? हाय का नाय?" तू माझा हात घट्ट धरून म्हणालीस, "सापडली!" म्हैस अजून सापडायची होती, पण तुला त्याचं काय.

तुला तिचे केस निळे हवे होते आणि हातात तलवार. भांडून भांडून शेवटी तिला काकीचं इरलं आणि कोयती मिळाली. काम एकच, धुक्यात हरवलेल्यांना शोधायचं. तिनं विचारायचं 'हाय का नाय', आणि हरवलेल्यानं नुसतं 'हाय' म्हटलं की धुकं विरायचं. उत्तरच नाही आलं तर, असं मी विचारलं होतं. तू क्षणभरही थांबली नाहीस. "रागवायचं नाय. एक पाऊल जवळ जायचं आन् परत इचारायचं."

पुढे कॉलेजात तुला कळलं, की जपानीत 'हाय' म्हणजे 'हो'. एसटी स्टँडवर अशी ओरडत सुटलीस, जणू जपाननं तो शब्द काकीकडूनच उचललाय.

बाळ पोटातच गेलं तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. कुणी देवाची मर्जी सांगितली, कुणी दुसरा डॉक्टर. तू काहीच सांगितलं नाहीस. आधी फोन केलेस, मग मेसेज, मग सुनीलच्या हाती नाचणीचे लाडू. दर वेळी एक पाऊल जवळ येत होतीस, हे माझ्या आत्ता लक्षात येतंय. उपकार म्हटलं तर चिडशील, पण एकदा म्हणू दे. तुझे फार उपकार आहेत गं.

परवा तू रजा टाकून आलीस. मी कडी काढली नाही. तू दारही वाजवलं नाहीस, बाहेरून फक्त विचारलंस, "हाय का नाय गो?" मी आत दाराला पाठ लावून बसले होते. शब्द ओठांवर आला, पण फुटेना. तुझ्या चपलांचा आवाज लांब जाईपर्यंत ऐकत राहिले. मग दार उघडलं, तर पायरीवर भाकऱ्या आणि सुकटीची चटणी. सुकीमासूच की! कितीतरी दिवसांनी हसले, आणि हसता हसता पोटभर रडले, मग पोटभर जेवले. तुझ्या हाकेला उत्तर द्यायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र. रविवारी ये. दार उघडं ठेवते.

हाय गो. मी हाय.

तुझीच,
स्नेहल